गळ्याची थरथर

बढाई मारायची मला सवय नाही. घरी कुणालाही विचारा, हा माणूस मुळात बोलतच नाही असं सांगतील. पण एका गोष्टीबद्दल मी हल्ली उघड बढाई मारतो. वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेलच्या नदीकाठी ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीत काही तपकिरी हललं, तर ती साँग स्पॅरो आहे की दुसरी कुठली चिमणी, हे मी तिची नुसती शेपटी बघूनही सांगतो. सहसा चुकत नाही. ही विद्या मला कशी आली ते मात्र बरीच वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

आधी चिमणीबद्दल. आपली घरातली चिमणी इथेही आहे. देसी ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये, शॉपिंग कार्टांच्या रांगेखाली ती सांडलेले मुरमुरे टिपत असते. तीही आपल्यासारखीच बाहेरून आलेली आणि मग इथलीच होऊन बसलेली. साँग स्पॅरो मात्र मूळची इथली. आकाराने साधारण तेवढीच, पण छातीवर तपकिरी जाड रेघा, आणि त्या मधोमध एकत्र येऊन एक डाग पडलेला. वरण सांडलेला शर्ट पुसायचा राहून जावा तसा. भुवई राखाडी, गालाखाली दोन्ही बाजूंना गडद मिशी. आमच्या ओल्या वॉशिंग्टनमध्ये तिचा रंग आणखी काळपट, भिजलेल्या लाकडासारखा. शेपटी लांब, टोकाला गोल, आणि एका झुडपातून दुसऱ्यात जाताना ती शेपटी वर-खाली पंप मारल्यासारखी हलवते. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

हे सगळं शिकवणारे आमचे काका. पूर्वीच्या पिढीतले, नागपूरहून इथे आलेले, भूल देणारे डॉक्टर, आता रिटायर्ड. मराठी मंडळातल्या चार-पाच घरांना ते रविवारी सकाळी नदीकाठी पक्षी बघायला नेत. "आयुष्यभर लोकांना झोपवलं," म्हणायचे, "आता पापक्षालन म्हणून पहाटे उठवतो." त्यांचा एक नियम होता: आधी कान, मग डोळे, मग दुर्बीण, आणि सगळ्यात शेवटी तोंड. ट्रेलच्या सुरुवातीला सगळ्यांनी डोळे मिटून उभं राहायचं, काय ऐकू आलं ते एकेकाने सांगायचं. आणि पक्ष्याचं नाव घ्यायच्या आधी त्याचं काय काय दिसलं तेही सांगायचं. नाव आधी घेतलं की काका ओरडायचे, "पेशंट न तपासता ऑपरेशन!"

मी या ग्रुपमध्ये आलो तो केवळ घराबाहेर पडायचं म्हणून. पहिल्या वसंतात एकदा काका जाळीपुढे थबकले, हात वर केला. "ऐका. गातोय बघा." सगळ्यांनी माना डोलवल्या, मीही डोलवली. दुर्बिणीतून मला तो नर अगदी स्वच्छ दिसत होता. जाळीच्या शेंड्यावर बसून त्याने मान मागे टाकली आणि सुरुवातीचे तीन सूर लावले. ते मला ऐकू आले, छान आले. आणि मग आवाज गेला.

तो थांबला नव्हता. चोच उघडी होती, गळा थरथरत होता, शेपटीसुद्धा त्या जोराने कापत होती. टीव्ही म्यूट केल्यावर गायिकेचा चेहरा दिसत राहतो, तसं ते दृश्य होतं. माझ्या शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "काय गोड आहे नाही शेवट!" मी म्हणालो, "हं."

संशय आधीपासून होता: माझ्या कानांतून बारीक, चढे आवाज निघून चालले होते. कोविडमध्ये सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा जग एकदम पुटपुटायला लागलं होतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की मी लोकांचे शब्द ओठांवरून वाचत होतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी कॅप्शन लावून ठेवायचो आणि ॲक्सेंटचं कारण द्यायचो. पन्नाशी उलटलेला मॅनेजर, टीममध्ये सगळे तिशीतले, दर काही महिन्यांनी कुणाच्या ना कुणाच्या कंपनीत लेऑफ. अशा वेळी कान गेले म्हणून कोण सांगतं? पण हे झालं ऑफिसचं. घरी का नाही सांगितलं, याला तेही कारण नव्हतं.

घरी लपायला फार सोपी जागा होती. आपल्या लोकांत नवऱ्याला बायकोचं ऐकू येत नाही हा विनोदच आहे. प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, तो होतो. बायको हाक मारते, मी बघत नाही, लगेच कुणीतरी म्हणतं, "वहिनी, आमच्याकडेही सेम मॉडेल आहे." सगळे हसतात, मीही हसतो. मुलगी कॉलेजला जाईपर्यंत रोज ऐकवायची, "डॅड इज जस्ट लाइक दॅट." खरोखर बहिरा होत चाललेला माणूस भर दिवाणखान्यात उभा आणि कुणाला शंका नाही, कारण सगळ्यांना वाटतं, नवरा आहे, असाच असणार. माझ्या बायकोलाही तेच वाटायला लागलं. फक्त तिला ते विनोदी वाटत नव्हतं.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे मी काय केलं ते कळेल. ती सिंककडे तोंड करून भांडी विसळत होती. नळ चालू. काहीतरी बोलली. मी नेहमीप्रमाणे "हं" म्हणालो. तिच्या छातीत गाठ लागली होती, तिची बायॉप्सी होती, आणि "येशील ना बरोबर?" असं तिने विचारलं होतं. त्या दिवशी मी ऑफिसला गेलो. ती एकटी गेली, एकटीच गाडी चालवत परत आली. गाठ साधी निघाली. पुढे कधीतरी तो विषय निघाला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तू हो म्हणाला होतास." मला तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "डोक्यातून गेलं."

डोक्यातून गेलं! यापेक्षा बहिरेपण किती सभ्य होतं.

मग मी पक्ष्यांच्या मागे लागलो. ग्रुपमध्ये उघडं पडायचं नव्हतं, म्हणून डोळ्यांनी कानांची कामं करायला सुरुवात केली. काकांचा हात कुठल्या दिशेला वर गेला ते बघायचं आणि बाकीचे अजून ऐकत असताना आपण त्या झुडपात नजर टाकायची. शनिवारी एकटा जाऊन उभा राहायचो, पाऊस असला तरी. सव्हाना स्पॅरोच्या डोळ्यापुढे पिवळसर झाक असते आणि शेपटी आखूड. लिंकन स्पॅरोच्या रेघा बारीक, पेन्सिलीने ओढल्यासारख्या, आणि छातीला साजूक तुपाची छटा. फॉक्स स्पॅरोचा चेहरा साधा, खालची चोच पिवळी, आणि पालापाचोळा ती दोन्ही पायांनी असा मागे उडवते की जाळीत मांजर शिरल्यासारखं वाटावं. या सगळ्यांतून माझी साँग स्पॅरो मी वेगळी काढायला लागलो. अर्धी दिसली तरी, पाठमोरी असली तरी.

आणि गाणंसुद्धा बघायला शिकलो. हे मी कुठे वाचलं नव्हतं. नर एकच गाणं पुन्हा पुन्हा म्हणतो, मग बदलून दुसरं घेतो. त्याच्या चोचीकडे पुरेसा वेळ बघितलं की चाल दिसायला लागते. आखूड उघडझाप, आखूड उघडझाप, मग चोच मोठी उघडून गळ्याची लांब थरथर. सूर चढला की चोच जास्त फाकते. काही दिवसांनी मला ती उघडझाप पाठ झाली आणि ती मोडली की कळायला लागलं. काका कौतुकाने म्हणायचे, "हा आपला स्पॅरोवाला. याचे कान भारी तयार आहेत." मी खाली बघून बूट झाडायचो. त्यांना तो विनय वाटायचा.

मागच्या वसंतात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यांनी फोन केला. फोन मी नेहमी स्पीकरवर आणि एकटा असतानाच घ्यायचो.

"नवीन फॅमिलीज येणारेत रविवारी. ग्रुप तू ने."

"काका, मला नाही जमणार. कॅन्सल करू."

"कॅन्सल कसलं करतोस? मी भुलीत असेन, तू नाहीस. ने मुकाट्याने."

मी नाही म्हणण्याचं कारण शोधत होतो, तेवढ्यात बायको खोलीत आली. तिने सगळं ऐकलेलं. म्हणाली, "मी पण येते. रविवारी सकाळी घरातून पळून कुठे जातोस ते बघू तरी एकदा." आजवर ती कधी आली नव्हती. मी कधी बोलावलंही नव्हतं.

रविवारी रिमझिम होती, म्हणजे आमच्याकडे कोरडाच दिवस. पुण्याचं एक जोडपं, मुंबईची दोन, शिवाय नेहमीचे आम्ही. पुण्याचा तो पोरगा माझ्यापेक्षा बराच लहान, अगदी उत्साही, गळ्यात नवी कोरी दुर्बीण. "सर, पहिले काय करायचं?"

काय करायचं ते माझ्या आधी ग्रुपमधल्या नेहमीच्या एका बाईंनीच सांगितलं. "डोळे मिटायचे आणि ऐकायचं. काकांचा नियमच आहे."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले. समोर जाळीच्या शेंड्यावर नर येऊन बसला, मान मागे टाकली. तीन सूर आले आणि नेहमीसारखं सगळं बंद झालं. बायको माझ्या शेजारी उभी होती, डोळे मिटून, पावसाचे थेंब चष्म्यावर. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. जे मला ऐकू येत नव्हतं, ते तिला येत होतं. पहिल्यांदाच मी दुसऱ्या कुणाला ते गाणं ऐकताना इतक्या जवळून पाहत होतो.

सगळ्यांनी डोळे उघडले. पुण्याचा म्हणाला, "सर, तीन नोट्सनंतर ते जे झालं, ते काय होतं? एकच पक्षी का दोन?"

"हं," मी म्हणालो. आणि तो उत्तराची वाट बघत राहिला. "हं" हे उत्तर नाही, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक होतं. मी तर सगळा संसार त्या "हं"वर काढला होता.

"मला नाही सांगता येणार," मी म्हणालो. "तीन सुरांनंतरचं मला ऐकू येत नाही."

तो हसला. "सर, वहिनी बरोबर असल्यावर आम्हाला पण काहीच ऐकू येत नाही!"

सगळे हसले. लपायच्या त्या जुन्या जागेचं दार परत उघडलं होतं. मी नुसता हसलो असतो तरी आत शिरलो असतो, आणि पुन्हा कुणी शोधलं नसतं.

"नाही, विनोद नाही," मी म्हणालो. "खरंच येत नाही. बरीच वर्षं झाली. काकांनाही माहीत नाही. मी माना डोलवत आलोय."

पुण्याच्या पोराचा चेहरा पडला, "सॉरी सर" असं त्याच्या ओठांवर दिसलं. मी बायकोकडे बघायचं टाळत होतो, पण शेवटी बघितलं. ती हसलेली नव्हती. मघाचा विनोद झाला तेव्हाही ती हसलेली नव्हती. माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी समोर उभा राहून जुन्या गोष्टी एकेक करून तिच्या हातात देतोय आणि तिला त्या कुठे ठेवाव्यात कळत नाही.

"मला येतं ऐकू," ती अचानक म्हणाली, माझ्याशी नाही, सगळ्यांशी. "मी सांगते. आधी तीन वेळा टिक, टिक, टिक, भांड्यावर चमचा मारावा तसं. मग गरम तेलात मोहरी पडते तसं तडतड." मग माझ्याकडे वळली. "मोहरी तरी तडतडलेली ऐकू येते का रे?"

"नाही."

"तरीच! हल्ली तुझ्या पोह्यांत कच्ची मोहरी लागते."

आता लोकांना हसायला परवानगी मिळाली. मीही हसलो, आणि या वेळी त्यामागे लपलो नाही.

मग आम्ही ट्रेलने निघालो आणि मी मला येतं ते केलं. जाळीच्या तळाशी उंदरासारखं धावत गेलेलं काहीतरी दाखवलं आणि म्हणालो, नाव नाही, आधी काय दिसलं? मुंबईची एक म्हणाली, शेपटी हलली. कशी हलली? पंपासारखी. छाती? डाग आहे. मग आता म्हणा नाव. त्यांनी म्हटलं. पुढे गवतातली सव्हाना त्यांनी साँग स्पॅरो ठरवली. मी म्हणालो, शेपटी बघा, ही मापात कापलीये. लोक एकेक करून बघायला लागले. तपकिरी म्हणजे एकच रंग नाही हे लोकांना कळतं ना, तेव्हा त्यांची दुर्बीण धरायची पद्धतच बदलते. ती बदललेली मी पाहिली.

वळणावरच्या वाकलेल्या विलोच्या झाडावर एक नर जोरात गात होता. सगळे थांबले. मी त्याच्या चोचीवर दुर्बीण रोखली. तीच उघडझाप, तीच थरथर, पुन्हा तीच. बायको बाजूला, दुर्बीण नाही, डोळे मिटलेले.

"आता हा गाणं बदलेल," मी म्हणालो. असं बदलाच्या आधी सांगता येतंच असं नाही, पण तो मधे जरा जास्त थांबला होता आणि मला धीर आला होता. त्याने मान टाकली. चोचीची पहिलीच उघडझाप वेगळी पडली. "बदललं."

त्याच क्षणी बायको डोळे मिटूनच म्हणाली, "अरे हो! हे दुसरं आहे!"

पुण्याचा पोरगा माझ्याकडे बघत राहिला. "सर, ऐकू येत नाही म्हणालात ना?"

"नाही येत," मी म्हणालो. आणि हे सांगताना माझी मान ताठ होती. जी गोष्ट जिवाच्या आकांताने लपवली, तिच्यातूनच हे कमावलं होतं. उसनं नव्हतं, कुणाच्या माना बघून डोलवलेलं नव्हतं. तो पक्षी माझ्याएवढा त्या काठावर उभ्या असलेल्या कुणीच पाहिला नव्हता. एवढा गर्व मला प्रमोशनचाही झाला नाही, आणि त्याची लाज वाटून घ्यायची नाही असं मी तिथेच ठरवलं.

सगळे पांगले. गाडीत बायको ड्रायव्हिंग सीटवर बसली, चावी हातातच ठेवली. काचेवर पाणी साचत होतं. ती पूर्ण माझ्याकडे वळली, तोंड मला दिसेल असं. हे तिने मुद्दाम केलं का, मला माहीत नाही.

"बायॉप्सीच्या वेळी. तुला ऐकूच आलं नव्हतं?"

"नाही."

"मग डोक्यातून गेलं म्हणालास ते?"

"खोटं."

"मला वाटलं होतं तुला माझी पर्वाच नाही. मला असं वाटतंय, हे तुला कळत होतं?"

"हो."

"आणि वाटू दिलंस."

"हो," मी म्हणालो. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा निष्ठुर म्हणवून घेणं मला सोयीचं वाटलं होतं, आणि त्याची किंमत मी नाही, ती भरत होती. हे इतकं सरळ वाक्य माझ्या तोंडून तेव्हा आलं नाही, अर्धं-मुर्धं आलं. पण तिला कळलं. तिचा चेहरा लाल झाला. तिने मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण त्या एका दिवसाबद्दल तिने अजून केलेलं नाही, आणि घाई कर असं तिला सांगणारा मी कोण?

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि काहीतरी बोलली. मला शब्द कळले नाहीत. जुना "हं" जिभेवर आलाच होता.

"ऐकू आलं नाही," मी म्हणालो. "इकडे बघून परत सांग."

ती वळली. डोळे ओले होते, भुवया चढलेल्या. "विचारत होते," तिने प्रत्येक शब्द सुटा करून म्हटलं, "त्याने गाणं बदललं ते तू ओळखलंस कसं?"

मी तिला चोचीचं सांगायला लागलो. आखूड उघडझाप कुठली आणि लांब कुठली, ते बोटांनी चोच करून दाखवलं. मग शनिवारच्या पावसाचं, लिंकनच्या बारीक रेघांचं, त्या पहिल्या दिवशी आवाज गेला आणि गळा थरथरत राहिला त्याचं. ती मधे मधे टोकत होती, "थांब, परत दाखव," आणि मी परत दाखवत होतो. राग तिच्या चेहऱ्यावरून गेला नव्हता. पार्किंगमधल्या बाकीच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या तरी तिने आमची सुरू केली नाही.